शांता आपटे प्रभातमधून बाहेर पडल्या, मग पुढे काय झालं?

ओसरी
गेल्या रविवारी आत्याला (वय ८६, चष्मा जाड, मतं त्याहून जाड) टीव्हीवर यूट्यूब लावून 'कुंकू' दाखवला. १९३७ चा सिनेमा, व्ही. शांतारामांचा, प्रभातचा. मी स्वतः तो कधीच सलग पाहिला नव्हता. आत्या झोपेल आणि मी भाजी निवडेन असा बेत होता. झालं उलटच. मेथी तशीच राहिली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नीरा नावाच्या पोरक्या मुलीला मामा फसवून काकासाहेब नावाच्या एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. ती लग्न झालं हे नाकारत नाही, पण नवरा म्हणून त्याला जवळही येऊ देत नाही. रडत बसत नाही, पळून जात नाही, विहीरही जवळ करत नाही. त्याच घरात राहून 'नाही' म्हणते. शांता आपटे तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांचे ते रोखलेले डोळे बघून मला दोन दिवस चैन नाही.

मग शोधाशोध केली. जन्म १९१६, दुधनी. पहिला बोलपट १९३२ चा 'श्यामसुंदर'. प्रभातमध्ये 'अमृतमंथन', 'अमरज्योती', 'राजपूत रमणी', 'कुंकू', 'गोपाळकृष्ण'. १९३९ मध्ये त्याच प्रभातच्या फाटकावर उपोषण. आणि १९६४ मध्ये मृत्यू, पन्नाशीही गाठली नाही. मधली पंचवीस वर्षं कुठे गेली? दुर्गा खोटे, ललिता पवार, सुलोचनाबाई या सगळ्या आपल्या आई-आजीच्या पिढीच्या बोलण्यात होत्या. शांता आपटे का नाहीत? उपोषणामुळे काम मिळेनासं झालं, असं काही होतं का? जाणकारांनी सांगावं.

चिंचेचं_बोटूक
पहिला! जाणकार येईपर्यंत जागा धरून बसतो. मेथीचं पुढे काय झालं?

ओसरी
@चिंचेचं_बोटूक सोमवारी पिवळी. थालीपीठ केलं.

डेक्कनचा_म्हातारा
दुरुस्ती आधी. 'प्रभातच्या फाटकावर' म्हणजे आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे. नव्या पिढीला प्रभात रोड हे केवळ महाग फ्लॅटचं ठिकाण वाटतं. कंपनी १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्यात आली, आणि १९५३ पर्यंत सगळा खेळ आटोपला होता. इन्स्टिट्यूट १९६० ची.

उपोषणाबद्दल माझे वडील सांगत. ते तेव्हा शाळकरी. बातमी गावभर झाली आणि पोरं सायकली काढून 'नटी बघायला' गेली. वडील पोचेपर्यंत गर्दी पांगवली होती, त्यामुळे त्यांनी फक्त फाटक बघितलं. पण पुढली पन्नास वर्षं 'मी शांता आपटेचं उपोषण पाहिलं' असंच सांगत राहिले. आमच्या घरी इतिहास असा तयार होतो.

झणझणीत
मत वेगळं आहे, जोडे तयार ठेवा. 'कुंकू'त मला केशवराव दाते ग्रेट वाटतात, शांता आपटे नाही. म्हातारा मिशीला कलप लावतो, आरशात बघतो, हळूहळू त्याला स्वतःची लाज वाटायला लागते, हा खरा प्रवास. नीरा पहिल्या रिळापासून शेवटापर्यंत एकाच पट्टीत रागावलेली. शिवाय हातवारे. गाताना हात, बोलताना हात. आज कुणी असा अभिनय केला तर नाटकी म्हणून हसाल.

तंबोरा_७८
झणझणीत, हातवाऱ्यांवर हसण्याआधी त्याआधीचं काहीतरी बघा. मी गाणं शिकवते आणि जुन्या तबकड्यांचा नाद आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

बोलपटाची पहिली दोन-तीन वर्षं गाणारी नायिका म्हणजे संगीत नाटकातून उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवलेली मूर्ती. गाणं सुरू झालं की गोष्ट थांबायची. उभं राहायचं, प्रेक्षकांकडे तोंड, तान संपली की पुन्हा कथानक. संगीतकार केशवराव भोळे प्रभातमध्ये आले आणि त्यांना शांताबाई मिळाल्या, तिथे हे मोडलं. 'अमृतमंथन' (१९३४) बघा. गाताना मान वळते, डोळे समोरच्या माणसाशी बोलतात, हाताची बोटं ओळीचा अर्थ सांगतात. तुम्हाला आज जे नाटकी वाटतं ते त्या वेळी नाटकातून सुटणं होतं. लोकांना ते इतकं आवडलं की घरोघरी मुली तसे हात करून गाऊ लागल्या. माझ्या गुरुजींच्या आईला त्यावरून मार बसला होता म्हणे.

आणि 'कुंकू'त आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. म्हणजे शांताबाईंना भावनेसाठी मागून व्हायोलिनचा आधार नाही. तो राग त्यांनी एकटीने धरून ठेवलाय. घड्याळाची टिकटिक आणि त्या. करून बघा.

चिंचेचं_बोटूक
टिकटिक + पार्श्वसंगीत नाही + रागावलेली बायको. हे तर आमच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला असतं.

निशिगंध
न्यू जर्सीहून. माझ्या सतरा वर्षांच्या लेकीला दाखवला, सबटायटल लावून. तिला सगळ्यात काय आवडलं असेल? नीरा इंग्रजी कविता गाते तो भाग! लाँगफेलोची 'साम ऑफ लाइफ'. लेकीला ती शाळेत होती. ती म्हणाली, 'आई, ही नऊवारीतली मुलगी आमचं पोएट्रीचं पुस्तक का गातेय?' मला उत्तर सुचेना. म्हटलं, तिच्याकडे दुसरं कुणी नव्हतं बोलायला.

वकीलसाहेबीण
झणझणीत यांच्या 'एकाच पट्टीत रागावलेली' याला माझा आक्षेप आहे, आणि तो कायद्याचा आहे.

नीरापुढे पर्याय काय होते ते बघा. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या हिंदू बाईला घटस्फोट मिळत नव्हता. बडोदा संस्थानात १९३१ साली कायदा आला होता, पण आपल्याकडे मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७ चा. शारदा कायदा १९२९ चा, पण तो फक्त वय बघतो, मुलीचं चौदा. वर साठीचा असला तरी चालेल! १९३७ लाच देशमुख कायदा आला, त्यात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क मिळाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नीरासाठी नवरा जिवंत असण्यापेक्षा मेलेला बरा. हे मी गमतीने म्हणत नाही. सिनेमाच्या शेवटी काकासाहेब तिच्या कपाळाचं कुंकू पुसतात, तिला मुलगी मानतात आणि जीव देतात. लेखकाकडे दुसरी वाटच नव्हती. वकील असलेल्या त्या म्हाताऱ्याला हे पक्कं ठाऊक असणार.

आणि 'नवऱ्याकडे नांदणार नाही' असं म्हणणारी नीरा पहिली नव्हे. त्याच्या पन्नास वर्षं आधी मुंबईत रखमाबाईंनी कोर्टात हेच म्हटलं होतं आणि तुरुंगात जायची तयारी दाखवली होती. ज्या बाईला हलायला जागाच नाही तिने कितव्या रिळात पट्टी बदलायची?

झणझणीत
@वकीलसाहेबीण हा मुद्दा मान्य. काळी तीन माझी चूक, पांढरी पाच तुमची.

साधा_वाचक
कथा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. 'अमृतमंथन'ही त्यांच्याच 'भाग्यश्री'वरून. नायिका आपटे, लेखक आपटे. प्रभातला आपटे लाभले.

आणि 'कुंकू'त सावत्र मुलीचं काम करणाऱ्या शकुंतला परांजपे कोण ते माहीत आहे ना? रँग्लर परांजप्यांची मुलगी, सई परांजपेंच्या आई, संततिनियमनाचं काम आयुष्यभर केलं, पुढे राज्यसभेत गेल्या. पडद्यावर ज्या सुधारकी बाई दिसतात त्या घरी त्याहून सुधारकी होत्या.

डेक्कनचा_म्हातारा
शकुंतलाबाईंवर वेगळा धागा निघू शकतो. इथे नको, नाहीतर लोक संततिनियमनावर सुरू होतील.

चिंचेचं_बोटूक
मी सुरूच करणार होतो.

भीमाकाठ
दुधनीचं नाव बघून आलो. मी अक्कलकोट तालुक्यातला. दुधनी म्हणजे कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं गाव, रेल्वे स्टेशन आणि तुरीचा बाजार. तिथे निम्मं बोलणं कानडीत. शांता आपटे आमच्या तालुक्यात जन्मल्या हे मला वयाच्या चाळिशीत कळलं, तेही सोलापुरात एका रद्दीवाल्याकडे जुनं मासिक चाळताना. गावात कुणाला विचारलं तर 'कोण आपटे? स्टेशनमास्तर का?' असं म्हणतील. मी विचारून बघितलंय, म्हणून सांगतो.

ओसरी
@भीमाकाठ स्टेशनमास्तर 😄
पण मूळ प्रश्न बाजूला राहतोय मंडळी. उपोषण का केलं आणि त्यानंतर काय?

डेक्कनचा_म्हातारा
सांगतो. तेव्हाची पद्धत समजून घ्या. आजच्यासारखं नट सिनेमागणिक पैसे घेत नव्हते. प्रभातमध्ये सगळे पगारी. नायिका असो की सुतार, महिन्याचा पगार, वेळेवर हजेरी, आणि बाहेर काम करायला बंदी. 'कुंकू' एवढा चालला तरी नायिकेच्या हातात पगारच. करार आणि पैसे यावरून खटकलं. जुलै १९३९ मध्ये बाई सरळ स्टुडिओच्या फाटकावर जाऊन बसल्या.

वर्ष लक्षात घ्या. त्याच मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं होतं. सगळ्या देशाला हे हत्यार माहीत होतं. पण ते सिनेमाच्या नटीने मालकाविरुद्ध उपसावं, ही कल्पना कुणाला नव्हती. शिवाय प्रभातचे मालक म्हणजे गिरणीमालक नव्हेत. शांताराम, दामले, फत्तेलाल ही कष्टातून वर आलेली माणसं, कंपनीला कुटुंब म्हणणारी. त्यामुळे पुण्यात तेव्हा दोन तट पडले. 'घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं' असं म्हणणारे आणि 'बरं केलं' असं म्हणणारे. आमचे आजोबा पहिल्या तटात, आजी दुसऱ्या. आजीने ते कधी मोठ्याने म्हटलं नाही, एवढंच.

कडबोळं
पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी आयटीत. पहिल्या नोकरीत माझा दोन वर्षांचा बाँड होता, मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात. नाव लिहीत नाही. दहाव्या महिन्यात सोडायची होती तर एचआरच्या बाई म्हणाल्या, 'वी आर अ फॅमिली.' तेव्हा मला कळलं की कुटुंब हा शब्द निघाला की आपली कागदपत्रं मोजून घ्यावीत. फाटकावर बसायची हिंमत झाली नाही. दोन वर्षं पूर्ण करून निघालो. त्यामुळे बाईंना दंडवत.

वकीलसाहेबीण
@कडबोळं स्वागत. आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला कुणाला देऊ नका, पुढच्या वेळी.

उपोषणानंतर वर्षभरातच, १९४० मध्ये, शांताबाईंनी एक पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' असं. नाव वाचून वाटतं की घरंदाज मुलींना सिनेमात जावं की जाऊ नये याचा उपदेश असेल. तेव्हा दुर्गाबाई खोटे येऊन गेल्या होत्या तरी हा प्रश्न जिवंत होताच. पण पुस्तक त्याहून वेगळं आहे. नटीला त्या काम करणारी बाई म्हणून बघतात. अंग शिणतं, वेळ जातो, पैसा दुसरा मिळवतो. अब्रूच्या प्रश्नाला त्यांनी मजुरीचा प्रश्न केला. मराठीत त्या काळी असं लिहिणारी दुसरी नटी मला आठवत नाही.

झणझणीत
पुस्तकाचं ठाऊक नव्हतं. मिळतं का कुठे?

पण मग ती छडीची गोष्ट? 'फिल्मइंडिया' मासिकाच्या बाबूराव पटेलांनी काहीतरी खवचट लिहिलं म्हणून बाई त्यांच्या कचेरीत जाऊन छडीने बडवून आल्या असं म्हणतात.

डेक्कनचा_म्हातारा
मी ती गोष्ट चार जणांकडून ऐकली आणि प्रत्येक वेळी छडी लांब होत गेली. बाबूरावांची लेखणी जहाल होती आणि त्यांनी कुणालाच सोडलं नाही, एवढं खरं. पण मला एक शंका आहे. 'कुंकू'त नीरा त्या टवाळ सावत्र मुलाला छडीने झोडपते ना? ते दृश्य लोकांच्या मनात इतकं बसलं की खऱ्या बाईच्या हातातही छडी आली असावी. नीरा आणि शांता आपटे या दोन वेगळ्या बायका आहेत हे लोक विसरले. बाईही थोड्या विसरल्या असतील.

तंबोरा_७८
नेमकं. आणि माझ्या मते धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर थोडं इथे आहे. ज्यांनी नीराला पाहिलं त्यांना त्यानंतर सोशिक शांता आपटे नको होती. पण चाळीसच्या दशकात नायिका लिहिल्या जात होत्या त्या सोशिकच. उरलेलं उद्या लिहिते, आत्ता क्लास आहे.

मैलापूरकर
चेन्नईहून. वीस वर्षं झाली, मराठी अजून बुरसटलेली नाही अशी आशा.

'पुढे काय' यातलं एक पान इकडचं आहे. १९४१ मध्ये इथे 'सावित्री' नावाचा तमिळ सिनेमा झाला, वाय. व्ही. राव यांचा. सावित्री शांता आपटे. आणि नारद कोण? एम. एस. सुब्बुलक्ष्मी! पुरुषवेशात. एमएस यांनी ते काम 'कल्की' साप्ताहिक उभं करायला पैसा हवा म्हणून स्वीकारलं, हे इकडे सगळ्यांना पाठ आहे. पण सावित्री कोण होती हे विचारलं तर निम्मे लोक गप्प. एका पुणेकर बाईने त्यासाठी तमिळ शिकून संवाद म्हटले. माझ्या शेजारच्या मामी (वय ८०) म्हणतात, उच्चार 'परवाइल्लै', म्हणजे चालेल. मामींच्या तोंडून 'चालेल' म्हणजे पद्मश्री समजा. मला त्यांनी वीस वर्षांत अजून एकदाही दिलेलं नाही.

निशिगंध
@मैलापूरकर एमएस आणि शांता आपटे एका पडद्यावर? अंगावर काटा आला.

भीमाकाठ
तमिळचं मला नवल वाटत नाही. दुधनीची हवा. तिथलं पोर दोन भाषांत भांडतं, तिसरी काय जड? (माझा तर्क. पुरावा मागू नये.)

चिंचेचं_बोटूक
बाई उपोषणाला बसल्या तेव्हा आतून कुणी साबुदाण्याची खिचडी आणून दिली असेल का हो?

डेक्कनचा_म्हातारा
@चिंचेचं_बोटूक पुण्यात? न विचारता? नाही.

साधा_वाचक
थोडी यादी देतो म्हणजे 'गायब झाल्या' हा समज जाईल. १९४२ ला लाहोरच्या पंचोलींचा 'जमींदार'. १९४३ ला 'दुहाई', त्यात नूरजहाँ होत्या. १९४६ ला मास्टर विनायकांचा 'सुभद्रा' आणि भालजींचा 'वाल्मीकि'. १९४८ ला शांताराम आठवल्यांचा 'भाग्यरेखा', त्यात पु. ल. देशपांडे. हे आठवले म्हणजे 'कुंकू'ची गाणी लिहिणारे. १९५१ पर्यंत मराठीत येत होत्या. त्यामुळे काम मिळेनासं झालं असं दिसत नाही. लाहोर, मद्रास, मुंबई सगळीकडे बोलावलं. उपोषणाने नाव वाढलंच असेल. पण त्या यादीत दुसरा 'कुंकू' नाही.

ओसरी
अरे वा, म्हणजे माझा अंदाज चुकला. बाहेर टाकलं वगैरे नव्हतं तर.

झणझणीत
मग उत्तर सरळ आहे की. शांताराम नाहीत तर शांता आपटे नाहीत. दिग्दर्शकाचं श्रेय.

वकीलसाहेबीण
हे वाक्य प्रत्येक नटीबद्दल कुणीतरी म्हणतंच. उलटं कुणी म्हणत नाही, शांता आपटे नाहीत तर 'कुंकू' नाही असं.

झणझणीत
उलटंही म्हणतो. पण मग प्रभात सोडल्यावर शांतारामांनी १९४२ ला राजकमल काढलं आणि मोठे झाले. बाईंना कुठे राजकमल काढता आलं?

वकीलसाहेबीण
@झणझणीत तुम्ही तुमच्याच मुद्द्याला उत्तर दिलंत. भागीदार बाहेर पडला तर कंपनी काढतो. पगारी नटी बाहेर पडली तर दुसऱ्याच्या कंपनीत जाते.

झणझणीत
🙏 आज दिवस माझा नाही.

तंबोरा_७८
काल अर्धवट ठेवलेलं पूर्ण करते.

शांताबाईंचं गाणं आणि चेहरा वेगळे काढता येत नाहीत. त्या गाताना बघायच्या आहेत, नुसत्या ऐकायच्या नाहीत. तबकडीवर त्यांचा आवाज गोड, टोकदार, पंढरपूरच्या शाळेत घटवलेला, पण तबकडीवर निम्मा मजकूर गळतो. चाळीसच्या दशकात पार्श्वगायन रुजलं आणि सिनेमाने गळा एकीचा, चेहरा दुसरीचा घ्यायला सुरुवात केली. नूरजहाँ, सुरैया अशा एकदोघी दोन्ही सांभाळून टिकल्या. बाकीच्या गाणाऱ्या नायिकांची जातच संपली. त्यांना गायिका म्हणून बोलवावं तर नुसत्या गळ्याच्या शर्यतीत नव्या मुली आलेल्या. नायिका म्हणून बोलवावं तर तिशी उलटलेली.

'सुभद्रा' बघा. त्यात शांताबाईंबरोबर गाणारी एक सतरा वर्षांची मुलगी आहे, लता मंगेशकर. तेव्हा कुणालाच माहीत नसेल की त्या ध्वनिमुद्रणात एक रीत निघून चालली आहे आणि दुसरी आत येते आहे. मी ते गाणं विद्यार्थिनींना ऐकवते. एक जण म्हणाली, 'बाई, दोघी एकमेकींना ऐकत गातायत.' हो, तेव्हा एकाच माइकसमोर उभं राहायचं असायचं.

स्टुडिओ मोडले, पगारी पद्धत गेली, नट सुटे झाले, मागतील तो पैसा मिळू लागला. शांताबाई जे मागत फाटकावर बसल्या होत्या ते दहा वर्षांत सगळ्यांना मिळालं. फक्त तोवर त्यांची वेळ टळली होती.

कडबोळं
हे वाचून जरा गप्प झालो.

निशिगंध
त्यांची मुलगी नयना आपटे, बरोबर ना? मी त्यांना नाटकात बघितलंय. विनोदी भूमिकेत इतक्या सहज. हे नातं मला आज कळलं.

साधा_वाचक
बरोबर. आणि आईच्या अगदी उलट प्रकृतीच्या भूमिका. शांताबाई २४ फेब्रुवारी १९६४ ला गेल्या. ललिता पवारही २४ फेब्रुवारीलाच गेल्या, १९९८ ला. दोघींचं जन्मसालही १९१६. एकीला बंडखोर सून म्हणून लक्षात ठेवलं, दुसरीला खाष्ट सासू म्हणून.

चिंचेचं_बोटूक
पत्रिका बघणाऱ्या सभासदांनी धाग्यावर धाव घ्यावी.

डेक्कनचा_म्हातारा
घेऊ नये.

भीमाकाठ
काल दुधनीच्या एका मास्तरांना फोन करून हा धागा वाचून दाखवला. आधी म्हणाले, 'आपटे? इथे आपटे नाहीत.' संध्याकाळी त्यांचा परत फोन. शाळेतल्या मुलांना मोबाईलवर 'कुंकू'तला छडीचा प्रसंग दाखवला म्हणे. पोरींनी तो तीन वेळा लावायला लावला.

ओसरी
तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंत, आता माझ्याकडचं थोडं.

आत्या सिनेमा बघताना एकदाही झोपली नाही हे मी लिहिलं नव्हतं. तिने तो आधी पाहिला होता. १९५० च्या आसपास आमच्या तालुक्याच्या गावी यात्रेत तंबूतला सिनेमा आला होता, जुनीच रिळं घेऊन. ती दहा-बारा वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी आजी, तिला घेऊन गेली. माझी आजी दुजवराला दिलेली होती. आजोबा तिच्याहून एकोणीस वर्षांनी मोठे. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण 'कुंकू' आणि आजी हे दोन मी कधी शेजारी ठेवलेच नव्हते.

आत्या म्हणाली, तंबूत बायका एका बाजूला बसल्या होत्या. नीराने छडी उचलली तेव्हा बायकांच्या बाजूने इतका आरडाओरडा झाला की कंदीलवाला बघायला आला. आजी काही ओरडली नाही. हातातलं फुटाण्याचं पुडकं तसंच मिटून धरून बसली होती, शेवटपर्यंत. घरी आल्यावर आजोबांनी ओसरीवरूनच विचारलं, कसा होता? आजी म्हणाली, 'गाणी बरी होती.' आणि पाणी तापवायला गेली.

वकीलसाहेबीण
...

तंबोरा_७८
ओसरी, हे आधी का नाही लिहिलंत!

चिंचेचं_बोटूक
आज विनोद नाही. आणि आजोबा?

ओसरी
@चिंचेचं_बोटूक तेही विचारलं आत्याला. आजोबा दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता एकटेच जाऊन बघून आले. त्यांना केशवराव दाते फार आवडले म्हणे.